चर्चची इंटर्नशिप, तीही अमेरिकेत: ‘इंटर्न’ हा शब्दच अडचणीचा कसा ठरतो?

अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने जानेवारी 2026 मध्ये एक नियम बदलला. पाद्री, नन, धर्मशिक्षक, पुजारी, इमाम अशा परदेशी धर्मसेवकांना तिथे आर-1 व्हिसावर जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं. पाच वर्षं संपली की पुन्हा हाच व्हिसा मिळवण्यासाठी आधी एक वर्ष देशाबाहेर काढावं लागायचं. ही एका वर्षाची अट आता गेली. देश सोडावा लागतोच, पण बाहेर किती दिवस राहायचं याला किमान मुदत उरलेली नाही.

भारतातून अमेरिकेतल्या चर्चमध्ये सेवेला गेलेल्यांसाठी ही मोठी बातमी आहे. पण वसई, गोवा किंवा अहिल्यानगरमधली जी तरुण मुलं ‘वर्षभर तिकडच्या चर्चमध्ये इंटर्नशिप करून येऊ’ असा विचार करतात, त्यांच्यासाठी यात जवळजवळ काहीच नाही. त्यांची अडचण पाचव्या वर्षी येत नाही, ती अर्ज भरतानाच येते.

चर्चमध्ये इंटर्न करतो काय?

रविवारच्या शाळेत मुलांना शिकवणं, तरुणांचा गट चालवणं, आजाऱ्यांना घरी जाऊन भेटणं, गायनवृंदात गाणं, गरजूंना धान्यवाटप. शिवाय प्रार्थनेचं लाइव्ह प्रक्षेपण सांभाळणं, पत्रकं छापणं, खुर्च्या लावणं आणि उचलणं. ज्याने कुठेही इंटर्नशिप केली आहे त्याला ही दुसरी यादी ओळखीची वाटेल.

पैशाचं गणित मात्र इतर इंटर्नशिपपेक्षा वेगळं असतं. प्रोटेस्टंट चर्चच्या अनेक कार्यक्रमांत इंटर्न आपला खर्च स्वतः उभा करतो. नातेवाईक, मित्र, आपल्या गावची मंडळी यांना पत्रं लिहून मदत मागतो. पगार नसतो, कधी राहायची खोली आणि थोडा खर्च मिळतो.

मग कायदा काय म्हणतो?

आर-1 व्हिसासाठी संस्था अमेरिकेत करमुक्त म्हणून नोंदलेली असावी लागते. अर्जदार किमान दोन वर्षं त्याच पंथाचा सदस्य हवा आणि काम आठवड्याला सरासरी 20 तास तरी हवं. इथपर्यंत ठीक.

पण ‘धार्मिक काम’ कशाला म्हणायचं हेही नियमात लिहिलेलं आहे. साफसफाई, देखभाल, कारकुनी, देणग्या गोळा करणं अशी मुख्यतः सहायक कामं त्यात धरली जात नाहीत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, धार्मिक कामाचं शिक्षण किंवा प्रशिक्षण हेही ‘धार्मिक काम’ मानलं जात नाही. काम करता करता शिकता येतं, पण फक्त शिकण्यासाठी हा व्हिसा नाही.

आणि इंटर्न म्हणजे तर शिकाऊच! चर्चने प्रेमाने पाठवलेल्या पत्रात ‘प्रशिक्षणार्थी’ लिहिलं आणि कामांत कार्यालयीन मदत घातली, तर ते पत्रच अर्जाच्या विरोधात जाऊ शकतं.

बिनपगारी कामाचंही तसंच. आर-1 वर स्वतःच्या खर्चाने सेवा करता येते, पण त्या पंथाचा तात्पुरत्या, बिनपगारी मिशनरी सेवेचा कार्यक्रम आधीपासून प्रस्थापित असेल तरच. ‘तू ये, बाकी बघू’ हे चालत नाही. व्हिसा देण्याआधी किंवा नंतर अधिकारी चर्चमध्ये येऊन पाहणीही करू शकतात.

दुसरी वाट बी-1 व्हिसाची. मान्यताप्राप्त धार्मिक संस्थेचा सदस्य त्यावर काही काळ स्वयंसेवा करू शकतो. अमेरिकेतून पगार घ्यायचा नाही, वस्तू विकायच्या नाहीत, देणग्या मागायच्या किंवा स्वीकारायच्या नाहीत. म्हणजे तिथल्या मंडळीसमोर उभं राहून ‘माझ्या सेवेसाठी मदत करा’ म्हणणंही अडचणीत आणू शकतं.

तिसरी वाट सरळ आहे, पण महागडी. विद्यार्थी व्हिसावर धर्मशास्त्राची पदवी घ्यायची. ‘मास्टर ऑफ डिव्हिनिटी’ हा अभ्यासक्रम साधारण तीन वर्षांचा असतो आणि चर्चमधलं प्रत्यक्ष काम त्याचाच भाग असतं. इथे ‘इंटर्न’ हा शब्द कायद्याला खटकत नाही. पदवीनंतर 12 महिने कामाचा अनुभव घेता येतो. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना मिळणारी वाढीव मुदत मात्र मिळत नाही.

इतका काटेकोरपणा कशासाठी?

सेवा आणि फुकटची मजुरी यांतली रेघ फार बारीक आहे, आणि ती कुठल्याही धर्मात पुसली जाऊ शकते. न्यू जर्सीतल्या रॉबिन्सव्हिलमध्ये स्वामिनारायण मंदिराच्या आवारात मे 2021 मध्ये एफबीआयचे अधिकारी पोहोचले. भारतातून आर-1 व्हिसावर आणलेल्या, त्यांतल्या अनेक दलित असलेल्या कामगारांकडून बांधकाम करून घेतलं आणि तासाला सुमारे 1.20 डॉलर दिले, असा आरोप न्यायालयातल्या दाव्यात होता. मंदिर संस्थेने आरोप फेटाळले. हे लोक स्वेच्छेने सेवा करत होते, अशी बाजू मांडली गेली. 2025 मध्ये सरकारने फौजदारी तपास कोणावरही आरोप न ठेवता बंद केला.

प्रकरण मंदिराचं असलं तरी प्रश्न चर्चच्या इंटर्नलाही लागू होतो. व्हिसा संस्थेच्या अर्जावर, राहणं संस्थेच्या खोलीत, आणि तक्रार करायची तर ती ज्यांना गुरुजन मानतो त्यांचीच. अशा ठिकाणी ‘मी स्वखुशीने करतोय’ या वाक्याला किती अर्थ उरतो? म्हणून कामाचे तास, सुट्टी, आजारपणाचा विमा आणि परतीचं तिकीट या गोष्टी निघण्याआधी कागदावर मागण्यात श्रद्धेची काहीही कमतरता नाही.

पाच वर्षांची अडचणही अशीच एका कागदी बदलातून आली होती. धर्मसेवकांचं ग्रीन कार्ड ज्या रांगेत असतं, त्याच रांगेत छळ झालेली किंवा पालकांनी टाकून दिलेली स्थलांतरित मुलंही असतात. मार्च 2023 मध्ये मध्य अमेरिकेतल्या तीन देशांचे अर्ज मोजण्याची पद्धत बदलली आणि रांग अचानक लांबली. ग्रीन कार्डच्या आधीच व्हिसा संपायला लागला. 2024 मध्ये न्यू जर्सीतला पॅटर्सन धर्मप्रांत थेट कोर्टात गेला. जानेवारीतल्या बदलाने ही रांग कमी झालेली नाही, फक्त रांगेत उभं राहणं थोडं सुसह्य झालं.

आणि परदेशी माणूस इथे आला तर?

भारतात मिशनरी व्हिसा वेगळा आहे. टूरिस्ट व्हिसावर धर्मप्रचार करता येत नाही. मार्च 2021 च्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्ड असलेल्यांनाही मिशनरी किंवा तबलिगी कामासाठी विशेष परवानगी लागते. म्हणजे न्यू जर्सीत वाढलेली गोव्याची मुलगी आजोळच्या गावी मिशनरी कामाला येणार असेल, तर तिलाही अर्ज करावा लागेल.

पण प्रचार कशाला म्हणायचं? 2020 मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात तबलिगी जमातच्या 29 परदेशी नागरिकांवर गुन्हे दाखल झाले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट 2020 मध्ये ते रद्द केले. धार्मिक स्थळी जाणं, प्रवचनाला बसणं यावर बंदी नाही, असं न्यायालयाने सांगितलं.

याच नगरमध्ये 1831 पासून अमेरिकन मराठी मिशनचं काम चाललं. त्या मिशनचे पहिले दोघे, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना परत जायचा हुकूम दिला होता. ते अर्ज-विनंत्या करत राहिले आणि अखेर त्यांना राहू दिलं गेलं.