आधी कागदावर, मग पडद्यावर

गेल्या नाताळाच्या आधी आमच्या धर्मग्रामातील मुले ख्रिस्तजन्माचा देखावा उभारीत होती. निपाणीच्या बाजूच्या एका खेड्यातील, बारावीत शिकणारा एक मुलगा त्या कामात पुढे होता. कापसाचे बर्फ ही नेहमीची सामग्री बाजूस सारून त्याने आपल्याच गावातील गोठा उभा केला. शेणाने सारवलेली भुई, कोनाड्यात कंदील, दावणीपाशी कडब्याची पेंढी आणि खुंटीला टांगलेली घोंगडी. एक म्हातारी बाई तो देखावा पाहून एवढेच म्हणाली, "आपलंच घर हाय की हे!" आणि तिने गुडघे टेकले.

पुढील आठवड्यात त्या मुलाचे आईवडील आमच्याकडे आले. मुलास 'कन्सेप्ट आर्ट' नावाची विद्या शिकावयाची आहे. एका मोठ्या शहरातील संस्थेचे रंगीत पत्रक त्याने आणले आहे आणि फीचा आकडा पाहून घरात दोन रात्री कोणी नीट जेवलेले नाही. वडील म्हणाले, "फादर, चित्रं काढून चूल पेटते काय? तुम्हीच सांगा त्याला." आई काही बोलली नाही. हातांतील पाटल्या चाचपीत ती बसली होती.

हा प्रश्न एका घरापुरता राहिलेला नाही, म्हणून त्याचा विचार येथे करीत आहोत.

प्रथम ही विद्या म्हणजे काय ते समजून घेऊ. चित्रपट, हलत्या चित्रांची गोष्ट किंवा संगणकावरील खेळ तयार होण्यापूर्वी त्यातील माणसे कशी दिसतील, काय नेसतील, कोठे राहतील, त्यांच्या घरात उजेड कोणत्या बाजूने येईल, हे कोणीतरी आधी कागदावर ठरवावे लागते. ते ठरविणारा तो हा चित्रकार. त्याचे चित्र बहुधा प्रेक्षकांपुढे येतच नाही. ते पाहून इतर कारागीर आपापले काम करतात.

नाव इंग्रजी असले तरी हे काम आपल्या मुलखास नवे नाही. निपाणीहून चाळीसएक किलोमीटरवर कोल्हापूर. तेथील बाबूराव पेंटर (1890–1954) यांनी चित्रकला व शिल्पकला कोणत्याही कलाशाळेत न जाता आत्मसात केली, नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविले आणि पुढे कॅमेराही स्वतः घडविला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा मूकपट 1920 साली निघाला. चित्रणाआधी पात्रे, त्यांचा पोशाख व हालचाली ते रेखाटून ठेवीत. 1925 च्या 'सावकारी पाश'मध्ये कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची कहाणी होती. त्यातील अंधुक प्रकाशातली उदास झोपडी आणि केकाटणारे कुत्रे पाहणाऱ्यांच्या दीर्घकाळ स्मरणात राहिले. मूकपटाला आवाज नव्हता. दुःख सांगावयाचे ते झोपडीनेच. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या दामले व फत्तेलाल यांनी 1936 साली 'संत तुकाराम' केला आणि 1937 मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला.

आता बेळगावकडे वळू. रवी परांजपे (1935–2022) हे बेळगावचेच. येथील चित्रकार-शिक्षक के. बी. कुलकर्णी यांच्याजवळ त्यांनी पाया घातला. पुढे कथाचित्रे व जाहिराती यांबरोबर, अजून न बांधलेल्या इमारती बांधून झाल्यावर कशा दिसतील याची चित्रे काढण्यात त्यांनी नाव मिळविले. वीटही रचलेली नसताना झाडाची सावली कोणत्या भिंतीवर पडेल, हे दाखवावयाचे! वातावरण घडविणे म्हणजे याहून वेगळे काय असते?

आणि पात्रे घडविण्याविषयी म्हणाल, तर गोव्यातील सांतो इस्तेव्हाव येथे 1902 साली जन्मलेले आंजेलो द फोन्सेका यांचे स्मरण होते. शांतिनिकेतनातून शिकून आलेल्या या चित्रकाराने मारियामातेस भारतीय स्त्रीच्या रूपात, साडी नेसलेली दाखविली. गोव्यात त्यांच्यावर मोठी टीका झाली. पुण्याच्या एका ख्रिस्ती आश्रमात राहून ते अखेरपर्यंत, म्हणजे 1967 पर्यंत, चित्रे काढीत राहिले. आज ती चित्रे गोव्यात पर्वरी येथे जपून ठेवली आहेत. वस्तुतः असिसीच्या संत फ्रान्सिसांनी 1223 साली ग्रेच्चो गावी जिवंत बैल व गाढव आणून गव्हाण मांडली, तेव्हा त्यांनीही हेच केले होते. पवित्र कथा ऐकणाऱ्याच्या अंगणात आणली.

त्या मुलाने आपली वही आम्हांस दाखविली. पानोपानी तलवारी घेतलेले परदेशी वीर; सर्वांचे दंड सारखे, डोळे सारखे. आम्ही विचारले, "बाळ, हा राहतो कोठे? सकाळी काय खातो? याच्या चपला कोणी शिवल्या?" मुलगा गप्प झाला. शेवटच्या पानावर मात्र त्याच्या आजीचे चित्र होते. तंबाखूच्या वखारीत काम करणारी, धुरळा नाकातोंडात जाऊ नये म्हणून पदराने तोंड बांधलेली, किंचित वाकलेली. तिच्याविषयी विचारताच तो अर्धा तास बोलत राहिला.

पात्र असे सापडते. माणसाचे काम त्याच्या पाठीवर, बोटांवर आणि कपड्यांच्या सुरकुत्यांवर लिहिलेले असते. विद्यार्थ्याने प्रथम केवळ काळी छाया काढावी. छायेवरूनच माणूस ओळखू आला तर आकार साधला असे समजावे. मग तोच माणूस समोरून, बाजूने व पाठमोरा काढावा. नंतर राग, भीती, हसू. जागेचेही तसेच. आगपेटीएवढ्या चौकटी आखून एकाच जागेची दहा-वीस लहान रेखाटने करावी, गडद, मध्यम व फिकट एवढ्या तीनच छटांत. आणि दार केवढे ते कळावे म्हणून शेजारी एक माणूस उभा करावा. दिवाळीत आपली पोरे मातीचे किल्ले करतात, तेव्हा कोठे बुरूज, कोठे चोरवाट, याचा विचार करतातच की नाही? तोच विचार येथे शिस्तीने करावयाचा असतो.

एक कटु गोष्टही सांगितली पाहिजे. अलीकडे चार शब्द लिहिले की चित्र काढून देणारी यंत्रे निघाली आहेत आणि या धंद्यातील चित्रकारांना त्यांची धास्ती वाटते. ती खोटी नव्हे. जे काम यंत्र स्वस्तात करील ते माणसाच्या हाती राहीलच, असे वचन कोणी देऊ नये. म्हणून नोकरीची हमी देणाऱ्या पत्रकावर विसंबून कोणी शेत गहाण टाकू नये.

परंतु उलट बाजूची चूक आम्ही स्वतः केली आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावी असाच एक मुलगा आमच्याकडे आला होता. आम्ही त्याची वही पुरती उघडलीही नाही. वडिलांच्या बाजूने निकाल देऊन मोकळे झालो. तो आज सुखाने नोकरी करतो, आम्हांस आदराने भेटतो. मागील भेटीत आम्ही चित्रांविषयी विचारले, तेव्हा म्हणाला, "फादर, ते तेव्हाच सोडलं." त्याच्या शब्दांत राग नव्हता आणि तेच आम्हांस अधिक लागले. जमिनीत पुरलेल्या ठेवीचा दाखला आम्ही व्यासपीठावरून कितीदा सांगितला असेल. ती ठेव पुरावयास फावडे मात्र आम्हीच दिले होते.

म्हणून यावेळी आम्ही निकाल दिला नाही. एक वर्ष मागून घेतले. पाटल्या आईच्या हातांतच राहाव्यात. मुलाने रोज एक माणूस व आठवड्यास एक जागा, समोर बसून, रेखाटावी: वखार, उसाचा फड, आठवड्याचा बाजार, चर्चचा ओटा. सोबत मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची व अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेशपरीक्षा द्यावी; कोल्हापुरातही कलाशिक्षणाची सोय आहे. वर्षाअखेर वही भरली तर वडिलांनी 'नाही' म्हणू नये; कोरी राहिली तर मुलाने हट्ट धरू नये.

वडील उठता उठता म्हणाले, "फादर, आजीचं चित्र मात्र बरं काढलंय त्यानं." मग थोडे थांबून, "एवढी वाकलीय ती, आम्ही कधी बघितलंच नव्हतं."

वही अद्याप भरावयाची आहे. भरली की वाचकांस अवश्य कळवू.