जाहिरातीआधी धावा

बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्यासारख्या गावांत पोलीस भरतीची जाहिरात निघाली की पहाटेचे रस्ते जागे होतात. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारले की मुलांना २० पैकी २० गुण. म्हणून पोरं रोज जीव तोडून तेवढंच अंतर पळतात आणि काही आठवड्यांत नडगी धरून बसतात.

चूक इथंच होते. दम लवकर वाढतो. हाडं मागाहून घट्ट होतात. बहुतेक दिवस गप्पा मारता येतील इतकं सावकाश धावावं, आठवड्यातून दोनदाच वेग घ्यावा, एक दिवस पूर्ण विश्रांती.

बुलढाण्याच्या प्रथमेश जवकारनं २०२३ मध्ये शांघायच्या तिरंदाजी विश्वचषकात जगात अव्वल असलेल्या माइक श्लोसरला १४९-१४८ असं हरवलं. एका गुणानं! भरतीतही एकेक गुण असाच मोलाचा, आणि तो घाईनं नाही, सावकाश तयारीनं मिळतो.

पोरांनो, जाहिरातीची वाट पाहू नका. उद्या पहाटेच निघा, पण हळू.