वंशावळींत न लिहिलेलीं नांवें

गेल्या एकादशीस नारायणगडावर दर्शन आटोपून माझा एक जुना विद्यार्थी आमच्या ओसरीवर येऊन बसला. त्याच्या धाकट्या बहिणीस स्तनाचा कर्करोग झाला असून मुंबईस उपचार चालू आहेत. तेथील डॉक्टरांनीं विचारलें होतें, "तुमच्या आज्या, आत्या, मावश्या यांपैकीं कोणास हा आजार होता काय?" घरांत कोणासच उत्तर देतां येईना. त्यांची वंशावळ पूर्वीं मींच उतरून दिली होती. "गुरुजी, तुमच्याकडे कांहीं नोंद असेल," या आशेनें तो आला होता.

मीं दप्तर सोडलें. नऊ पिढ्या होत्या, गोत्र होतें, प्रवर होते. पण एकाही स्त्रीचें नांव नव्हतें! मग आजाराची नोंद कोठून असणार?

त्या क्षणीं मला माझी थोरली आत्या आठवली. छातींतील गांठ तिनें दोन वर्षें पदराआड झांकली. ती गेल्यावर "वातानें गेली" असें सांगावयाचें वडील मंडळींनीं ठरविलें; कारण घरांत लग्नाच्या मुली होत्या. मीही पुढें तेंच सांगत आलों.

या झांकाझांकीचा तोटा केवढा, हें कळण्यास थोडें शास्त्र पाहिलें पाहिजे. पुण्यास १९१७ सालीं जन्मलेल्या व हुजूरपागेंत शिकलेल्या डॉ. कमलाबाई रणदिवे यांनीं मुंबईस डॉ. खानोलकरांच्या हाताखालीं याच रोगाचा अभ्यास केला. उंदरांचे निरनिराळे वाण घेऊन, या रोगाचा आनुवंशिकतेशीं व प्रसूतींशीं काय संबंध आहे, हें त्यांनीं तपासलें. १९४९ सालीं मुंबई विद्यापीठानें त्यांस डॉक्टरेट दिली. पुढें अमेरिकेंत जाऊन पेशी कांचपात्रांत वाढविण्याची विद्या त्या शिकून आल्या व तशी प्रयोगशाळा त्यांनीं मुंबईस उभारली. १९८२ सालीं त्यांस पद्मभूषण मिळालें.

त्यानंतर अमेरिकेंतील मेरी-क्लेअर किंग या विदुषीनें, ज्या कुटुंबांत हा रोग वारंवार दिसे त्यांच्या वंशावळी स्त्रियांसह व आजारांसह मांडल्या आणि १९९० सालीं दाखविलें कीं, रोगाचें एक मूळ सतराव्या गुणसूत्रावर आहे. १९९४ सालीं तें जनुक हातीं लागलें. त्यास बीआरसीए-१ म्हणतात. बीआरसीए-२ हें त्याचें भावंड.

पोथीचें पान फाटलें तर जाणता शास्त्री अक्षराला अक्षर जुळवून तें सांधतो. पेशींतील जनुकांची पोथीही वेळोवेळीं फाटते. ती बिनचूक सांधण्याच्या कामीं हीं दोन जनुकें लागतात. त्यांपैकीं एखाद्यांत जन्मतःच दोष असलेल्या शंभर स्त्रियांपैकीं सुमारें साठ-सत्तर जणींना आयुष्यांत हा रोग होतो. हा दोष आईकडून येतो तसाच बापाकडूनही येतो. मुलगा असो वा मुलगी, संभव निम्मा. म्हणजे आत्याचें दुखणें मावशीच्या दुखण्याइतकेंच महत्त्वाचें! मात्र उगीच धास्ती नको. स्तनाच्या कर्करोगांपैकीं शेंकडा पांच ते दहाच असे वारशानें येतात.

रक्ताच्या तपासणीनें हा दोष कळतो व बहिणी-लेकींना वेळींच सावध होतां येतें. उपचारासही त्याचा उपयोग आहे. ओलापॅरिब हें औषध २०१४ पासून वापरांत आहे. ज्या पेशीचा एक सांधणारा आधींच गेला, तिचा दुसराही तें रोखतें, आणि रोगट पेशी मरते.

विद्यार्थ्यास मीं त्याच्या वृद्ध चुलत आजीकडे धाडलें. ती प्रथम बोलेना. अखेर तिनें सांगितलें कीं, तिच्या दोन नणंदा छातीच्या गांठीनेंच गेल्या. मुलींचीं लग्नें अडतील म्हणून कोणी वाच्यता केली नाहीं. तेवढी माहिती मुंबईस पोहोंचली व बहिणीची जनुकतपासणी ठरली.

त्या रात्रीं मीं माझ्या वंशावळींत आत्याचें नांव लिहिलें आणि पुढें रोगाचेंही. अक्षर थोडें हाललें. वाचकहो, आपल्या घरांतील वृद्धा सांगण्यास आहेत तोंवर त्यांस विचारा, आणि लिहून ठेवा.