हसणाऱ्यांचा वाटा

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊकच आहे की, प्रस्तुत लेखक दिंडोशीला राहतो आणि एका महाविद्यालयात मराठी शिकवून पोट भरतो. शिकवण्यापेक्षा नकला बऱ्या करतो, असे आमच्या घरातले मत आहे. त्या नकलांनीच मला गेल्या वर्षी तोंडघशी पाडले. फराळाच्या ताटाशी ही कडू गोष्ट कशाला, असे म्हणाल. तर नरकचतुर्दशीला कारीट फोडून जिभेला लावतात ना, तसे समजा.

नवरात्र नुकते संपले होते. एका संध्याकाळी शेजारच्या इमारतीतल्या एक बाई दारात उभ्या राहिल्या. आत या म्हटले तरी येईनात. म्हणाल्या, “सर, रागावू नका. तुमच्या मुलाची तक्रार अशी नाही. तो मारत नाही, ढकलत नाही. तो नुसता हसतो.”

त्यांचा मुलगा अकरा वर्षांचा, बोलताना अडखळतो. इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत रोज क्रिकेट चालते. तिथे एका थोराड मुलाने त्याला ‘ततपप’ म्हणायला सुरुवात केली. तो बोलू लागला की हा थोराड पुढे होऊन त्याचे वाक्य पुरे करी आणि बाकीचे दहाबारा जण खिदळत. नाव हळूहळू शाळेच्या बसपर्यंत पोचले. आता मुलगा खाली उतरत नव्हता. सकाळी त्याचे पोट दुखे. रविवारी मात्र दुखत नसे.

बाई गेल्यावर मी चिरंजिवांना समोर बसवले आणि मास्तरी आवाजात विचारले, “हे नाव कोणी काढले?”

बराच वेळ तो जमिनीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “मीच सांगितलं होतं दादाला. पण बाबा, तुम्ही नाही का जेवताना तोंडी परीक्षेतल्या त्या मुलाची नक्कल केलीत? तेव्हा आपण सगळे हसलो होतो.”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो होतो.

मूल घरून काय घेऊन निघते, याचा विचार करताना मला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शालेय जीवनातला प्रसंग आठवला. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी त्यांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तेव्हा वर्गात एकच गलका झाला आणि मुले फळ्यामागे ठेवलेले आपले डबे हलवायला धावली. शतकानुशतकांच्या त्या अन्यायाशी माझ्या नकलेची तुलना करण्याचे धाडस मी करणार नाही. पण त्या मुलांना विटाळ काही गणिताच्या पुस्तकाने शिकवला नव्हता. डब्याबरोबर तोही घरूनच बांधून दिलेला होता.

जगात या गोष्टीचा अभ्यास पुष्कळ झाला आहे. नॉर्वेत 1982 साली छळाला कंटाळून तीन मुलांनी जीव दिला आणि तो देश हादरला. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारने शाळाशाळांतून मोहीम काढली. दान ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञाने बर्गन शहरातल्या शाळांत तिचा पाठपुरावा केला, तेव्हा दोन वर्षांत छळाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरल्याचे दिसले. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठाने पुढे जो ‘किवा’ नावाचा उपक्रम आखला, त्याचा सारा भर बघ्यांवर आहे. दांडगाई करणारा एकच असतो. त्याला बळ मिळते ते भोवतालच्या हशाने. तो हशा थांबला की त्याचा खेळच रंगत नाही.

आपल्याकडेही कायदा आहे. महाराष्ट्राच्या 1999 सालच्या रॅगिंगविरोधी कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. तक्रार आल्यावर संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. कानाडोळा केला तर तोही दोषी ठरतो. मुलांना स्वतः फोन करून मदत मागता यावी म्हणून 1996 साली मुंबईतच सुरू झालेली 1098 ही सेवा आज देशभर चालते. हे सारे पालकांनी जाणून असावे. पण इमारतींमधल्या मोकळ्या जागेला मुख्याध्यापक नसतो. तिथे बघणारे आपणच, गॅलरीत चहाचा कप घेऊन उभे असलेले. “मुलंच ती, आपसांत बघून घेतील,” हे वाक्य मी स्वतः कितीदा म्हटले असेन!

दुसऱ्या दिवशी आम्ही बापलेक त्या घरी गेलो. नाव कुठून आले ते मी मुलांदेखत सांगितले आणि क्षमा मागितली. चाळिशी उलटलेल्या प्राध्यापकाला अकरा वर्षांच्या मुलापुढे हे फार जड जाते. पण माझा मुलगा शेजारी उभा राहून पाहत होता, म्हणून जमले. त्याच्यावर मी एकच काम सोपवले: रोज संध्याकाळी त्या मुलाला हाक मारून खाली न्यायचे आणि कोणी ते नाव घेतले तर हसायचे नाही. भांडायचेही नाही, नुसते हसायचे नाही. त्या थोराड मुलालाही मी भेटलो. रागावलो नाही. त्याच्या घरी त्याला कोणत्या नावाने हाक मारतात ते कळले आणि रागच राहिला नाही.

सगळे आठ दिवसांत सुरळीत झाले, असे सांगितले तर ते खोटे ठरेल. पहिल्या संध्याकाळी न हसणारा एकटा आमचाच होता आणि त्यालाही टोमणे खावे लागले. चौथ्या दिवशी आणखी दोघे झाले.

दिवाळीत मुलांनी किल्ला केला. तो मुलगा माती कालवायला होता. बघायला येणाऱ्यांना किल्ल्याची माहिती सांगण्याची पाळी आळीपाळीने येई. एका संध्याकाळी त्याची आली. मी गॅलरीतून पाहत होतो. तो ‘प्रतापगड’ या शब्दापाशी अडला. ‘प्र’वरच कितीतरी वेळ गेला. दहाबारा मुले पणत्यांच्या उजेडात उभी होती. तो थोराडही होता. कोणी शब्द पुरा केला नाही. सगळी थांबली आणि मग त्याने तो स्वतःच पुरा केला.

आमच्या घरी जेवताना नकला आता बंद आहेत. निदान, ज्याची करायची तो ताटावर समोर बसलेला नसेल तर मुळीच नाहीत.