विश्लेषण : मुलांसाठी पाण्यातील फिजिओथेरपी किती उपयोगी? पाटणसारख्या तालुक्यातील पालकांपुढे पर्याय कोणते?

जमिनीवर आधाराशिवाय उभे न राहणारे मूल कोमट पाण्याच्या तलावात पावले टाकते आहे, असे व्हिडीओ मोबाइलवर सतत फिरत असतात. सेरेब्रल पाल्सी किंवा स्नायूंचा आजार असलेल्या मुलाच्या पालकांना ते पाहून साहजिकच वाटते, की आपले मूलही असेच चालू लागेल. पाटणसारख्या डोंगरी तालुक्यात मात्र पुढचे गणित अवघड होते. कोयनेच्या शिवसागर जलाशयात १०५ टीएमसी पाणी मावते. पण योग्य तापमानाचे स्वच्छ पाणी, उतरायला रॅम्प आणि सोबत प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट असलेला तलाव हवा असेल, तर बहुतेकदा मोठ्या शहराची वाट धरावी लागते. मजुरी बुडवून, उधारी करून तिकडे जावे का? हे ठरवण्याआधी पाणी काय करू शकते आणि काय नाही, हे समजून घ्यायला हवे.

पाण्यात नेमके काय घडते?

पाणी शरीराला वर उचलते, हे शाळेत शिकलेले आर्किमिडीजचे तत्त्वच या उपचाराच्या मुळाशी आहे. कमरेपर्यंतच्या पाण्यात पायांवर शरीराचा साधारण निम्मा भार येतो, छातीपर्यंतच्या पाण्यात सुमारे एक तृतीयांश आणि मानेपर्यंतच्या पाण्यात जेमतेम एक दशांश. म्हणजे २१ किलोच्या मुलाला छातीपर्यंतच्या पाण्यात पायांवर केवळ सात किलोच्या आसपास भार पेलावा लागतो. स्नायूंत ताकद कमी असली तरी उभे राहणे, पाऊल उचलणे, वळणे यांचा सराव त्यामुळे शक्य होतो.

पाण्याचा विरोधही कामाला येतो. हालचाल जितकी वेगाने करावी, तितका विरोध वाढतो. त्यामुळे वजने न वापरता स्नायूंचा व्यायाम होतो आणि तोल गेला तरी मूल धाडकन पडत नाही. सावरायला त्याला वेळ मिळतो. तलावाचे पाणी साधारण ३३ ते ३५ अंश सेल्सियस ठेवले जाते. या उबेने ताठर स्नायू काही काळ सैल होतात आणि सांध्यांचे दुखणे कमी जाणवते. थंड पाण्यात उलट होते, ताठरपणा वाढू शकतो. म्हणून पोहण्याचा नेहमीचा तलाव प्रत्येक मुलाला चालतोच असे नाही.

ही पद्धत आली कुठून?

मुलांसाठीच्या पद्धतींमध्ये ‘हॅलिविक’ हे नाव सर्वात जास्त ऐकू येते. जेम्स मॅकमिलन या अभियंत्याने १९४९ मध्ये लंडनच्या हॅलिविक शाळेत अपंग मुलींना पोहायला शिकवताना ती विकसित केली. द्रवपदार्थांचे शास्त्र त्यांना माहीत होते. त्यांनी दहा टप्प्यांचा क्रम बसवला. पहिला टप्पा पाण्याची भीती जाण्याचा, मग श्वासावर नियंत्रण, शरीर फिरवणे, तोल आणि शेवटी पोहणे. यात हवेच्या ट्यूब वापरत नाहीत. एका मुलामागे एक प्रशिक्षित व्यक्ती असते आणि मुलाला जसे जमू लागेल तसा तिचा आधार कमी होत जातो.

कोणत्या मुलांना फायदा होऊ शकतो?

सेरेब्रल पाल्सी, स्नायूंचे अनुवांशिक आजार, लहान वयातील संधिवात, डाऊन सिंड्रोम, स्पायना बिफिडा, तसेच अस्थिशस्त्रक्रियेनंतर बरी होत असलेली मुले यांच्यासाठी ही पद्धत वापरली जाते. यातला सर्वात मोठा गट सेरेब्रल पाल्सीचा. दर हजार जन्मांमागे साधारण दोन ते तीन बालकांना ती असते. जन्मापूर्वी, जन्मावेळी किंवा त्यानंतर लगेच मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाली आणि शरीराची ठेवण यांवरचे नियंत्रण बिघडते. ही इजा पुढे वाढत नाही. पण उपचार न मिळाल्यास स्नायू आखडणे, सांधे वाकडे होणे असे परिणाम वयाबरोबर वाढत जातात.

मग मूल चालू लागते का?

याचे सरळ उत्तर असे, की केवळ पाण्यामुळे नाही. मेंदूची इजा पाण्याने भरून येत नाही. पाण्यातील व्यायामाने हालचालींत सुधारणा, दम वाढणे, वेदना कमी होणे असे फायदे काही अभ्यासांत दिसले आहेत. मात्र बहुतेक अभ्यास थोड्या मुलांवरचे आणि काही आठवड्यांचे आहेत. पाण्यात जमलेली हालचाल जमिनीवर आपोआप उतरत नाही, कारण तिथे पूर्ण भार पायांवर येतो. तीच हालचाल बाहेर पुन्हा शिकवावी लागते.

ऑस्ट्रेलियातील संशोधक आयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सीवरील उपचारांचा मोठा आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध केला. विशिष्ट उद्दिष्ट ठरवून केलेला सराव, जे काम शिकवायचे तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणे, आणि पालकांनी घरी राबवायचा कार्यक्रम यांना त्यात भक्कम पुरावा असल्याचे म्हटले आहे. मूल स्वतः काही न करता थेरपिस्टच त्याचे हातपाय हलवतो, अशा पद्धतींना तसा आधार मिळालेला नाही. पाण्यातील उपचारालाही हीच फूटपट्टी लावायला हवी. मूल स्वतः प्रयत्न करत असेल आणि त्या प्रयत्नाला ठरलेले उद्दिष्ट असेल, तर उपयोग अधिक.

पाण्याने काय बदलते याचे याच भागातील उदाहरण मुरलीकांत पेटकर यांचे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक त्यांनी मिळवले. ते प्रौढ होते आणि त्यांची इजा वेगळी होती. तरीही दिसते ते हेच, की पाण्याने त्यांचे पाय परत दिले नाहीत, पण ताकद, हालचालीचे स्वातंत्र्य आणि आत्मविश्वास दिला.

धोके कोणते?

पहिला धोका घरगुती प्रयोगांचा. बाळाच्या मानेभोवती घालायच्या हवेच्या रिंग ऑनलाइन विकल्या जातात आणि त्यांना ‘वॉटर थेरपी’चे लेबल लावले जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०२२ मध्ये त्यांविरुद्ध इशारा दिला. विकासात मागे असलेल्या किंवा स्नायू कमकुवत असलेल्या बाळांना त्यापासून बुडण्याचा, गुदमरण्याचा आणि मानेला इजा होण्याचा धोका असल्याचे त्यात नमूद आहे. एका बाळाच्या मृत्यूची नोंदही त्यात आहे.

नदी, विहीर, शेततळे किंवा धरणाचे पाणी हा पर्याय नाहीच. तिथे तापमान, खोली आणि प्रवाह आपल्या हातात नसतो. कोकणातील गरम पाण्याच्या कुंडांबाबतही हेच. ज्या मुलांच्या पायांना संवेदना कमी असते, त्यांना भाजले तरी कळत नाही. फिट्स येणाऱ्या मुलांना डॉक्टरांच्या परवानगीशिवाय पाण्यात नेऊ नये. ताप, जुलाब, उघडी जखम, कानाचा किंवा त्वचेचा संसर्ग असेल तर सत्र पुढे ढकलावे. गळ्यात श्वासाची नळी असलेल्या मुलांसाठी निर्णय तज्ज्ञांचाच हवा.

पाटणच्या पालकांपुढे मार्ग कोणते?

आठवड्याला दोन सत्रे धरली, तर १२ आठवड्यांत २४ फेऱ्या होतात. पाटणहून पुणे दोनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे फेरीला एक अख्खा दिवस. एका पालकाचे २४ दिवसांचे काम बुडते. इतके करूनही घरी रोजचा व्यायाम बंद पडला, तर हाती फार काही लागत नाही.

त्यामुळे सुरुवात जवळून करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांमध्ये वर्षातून दोनदा आणि शाळांमध्ये एकदा तपासणी करतात. तिथे शंका आली की मुलाला पुढे जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची सोय या कार्यक्रमात आहे. पाटणपासून सुमारे ३५ किलोमीटरवर कराडला कृष्णा विश्व विद्यापीठाचे फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. तिथे तपासणी करून घरी करायचा कार्यक्रम आखून घेता येईल आणि पाण्यातील उपचाराची गरज आहे का, हेही विचारता येईल.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड लवकर काढावे. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना आहे. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या या संरक्षणात ठरावीक मर्यादेत थेरपीचा खर्चही मिळतो.

केंद्र निवडताना काय विचारावे?

थेरपिस्टची राज्य परिषदेकडे नोंदणी आहे का? पाण्याचे तापमान रोज तपासतात का? एका मुलामागे एक व्यक्ती असते का? तीन महिन्यांनी मुलाला कोणती एक गोष्ट जमावी, असे उद्दिष्ट आहे? आणि तलावाबाहेर तीच गोष्ट कशी करून घेणार? शेवटच्या दोन प्रश्नांना नेमके उत्तर नसेल, तर पैसे भरण्याआधी पुन्हा विचार करावा.

तलाव मिळाला नाही तर?

मुलाचा उपचार हुकला, असे मुळीच नाही. उंबऱ्याला धरून उभे राहणे, पाटावर बसून तोल सांभाळणे, ताटातला घास स्वतः उचलणे हा सराव रोज घरात होऊ शकतो. कोणता किती करायचा, हे फिजिओथेरपिस्टने ठरवून द्यावे. अंघोळीचे कोमट पाणीही उपयोगी आहे. कोपराने पाणी तपासून, मुलाला क्षणभरही एकटे न सोडता अंघोळ घालावी आणि अंग सैल असतानाच सांगितलेले व्यायाम करून घ्यावेत.

सर्वात मोठा फरक वेळेचा पडतो. चौथा महिना संपूनही बाळ मान धरत नसेल, नऊ महिन्यांचे होऊनही बसत नसेल, मुठी सतत आवळलेल्या असतील किंवा वर्षाच्या आत ते एकाच हाताने सगळे करत असेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणत थांबू नये. तलावाचा शोध नंतरही घेता येईल, पण मेंदू सर्वात झपाट्याने शिकतो ती पहिली दोन वर्षे पुन्हा मिळत नाहीत.