स्क्रू जाम कोणी केला?

महालक्ष्मीच्या यात्रेला विवळवेढ्याला निघायचंय आणि बाइक स्टार्टच होत नाही. बॅटरी बघायला साइड कव्हर खोलावं, तर खाऱ्या वाऱ्याने स्क्रू जाम! जोर लावला, ड्रायव्हर घसरला आणि खाच गुळगुळीत. आता काय?

चूक बहुतेक वेळा ताकदीत नसते, मापात असते. जपानी मापाचा स्क्रू दिसायला साध्या फिलिप्ससारखाच, पण फिलिप्स ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही. म्हणून आधी माप जुळवा. गंजावर तेल सोडा, थोडं थांबा, ड्रायव्हरवर हलकी हातोडी मारा. फिरवण्यापेक्षा दाब जास्त द्या. खाच थोडीच गेली असेल तर मध्ये रबरबँड धरा. नाहीच जमलं, तर हॅक्सॉ ब्लेडने डोक्यावर नवी खाच पाडा. गंजलेला स्क्रू हट्टी असतो, पण सुटतो.

मोबाइलचं तसं नाही. तिथे काही स्क्रू मुद्दामच सहज सुटू नयेत असे असतात. २००९ मध्ये ॲपलने मॅकबुक प्रोच्या बॅटरीला पाच पाकळ्यांचा पेंटालोब स्क्रू लावला, पुढे तो आयफोनवरही आला. साधा ड्रायव्हर तिथे चालत नाही. मग वस्तू विकत घेतली आपण, पण खोलायचा हक्क कोणाचा?

हाच प्रश्न आता सरकारदरबारी आहे. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. भरत खेरा समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला, की मोबाइल आणि टॅब्लेटला दुरुस्तीयोग्यतेचे गुण द्यावेत. त्याच्या सहा निकषांत सुटे भाग, सॉफ्टवेअर अपडेट यांच्यासोबत चक्क स्क्रूचा प्रकारही आहे! फ्रान्समध्ये असे गुण ग्राहकाला दाखवणं २०२१ मध्ये सुरू झालं.

मेख एकच आहे. हे गुण कंपनीनेच जाहीर करायचे आहेत. पेपर आपणच लिहायचा आणि आपणच तपासायचा, असं झालं तर सगळेच पहिल्या नंबरात पास. त्यामुळे तपासणी बाहेरच्यांकडून हवी. नाहीतर आपल्या बाजारातल्या कारागिराच्या हातात कौशल्य असूनही फोन बंदच राहील आणि आपण नव्या फोनचा हप्ता भरत बसू.

पुढचा फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेल हे विचाराच. सोबत आणखी एक विचारा: हा उघडतो कशाने?