जमिनीखालच्या पाण्याचा हिशेब

सूरह मुल्कच्या शेवटच्या आयतीत जमिनीत खोल जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न आहे. आपल्या नगर जिल्ह्यात उन्हाळ्यात बोअर आटला की तो घरोघरी कळतो.

हे पाणी दिसत नाही, पण मोजता येते. फ्रान्सच्या हेन्री डार्सी यांनी १८५६ मध्ये नियम मांडला : वाळूतून किती पाणी वाहील, हे दाबातील फरकावर आणि वाळू पाण्याला किती वाट देते यावर ठरते. आज शास्त्रज्ञ संगणकावर समुद्रतळाखालच्या खडकाचे लहान लहान भाग पाडतात आणि प्रत्येक भागात किती पाणी आले, किती गेले, याचा हिशेब या नियमाने करतात. तिथे खडकाची उष्णताही पाणी फिरवते. तीही धरावी लागते.

अशीच जमा-खर्चाची मांडणी आपल्याकडे हिवरे बाजारची ग्रामसभा दरवर्षी करते. पाऊस मोजायचा, पिण्याचे आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला काढायचे, उरलेल्यावर पिके ठरवायची. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही.

पाणी अल्लाहची अमानत आहे. आपला बोअर शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी ओढतो का, हेही त्या अमानतीच्या हिशेबात येते. शेजाऱ्याचा हक्क जमिनीखालीही असतो.